दोन मोखाडे आणि एक वावर

संगणकाला आयुष्यात एकदाही बोट न लावता सॉफ्टवेअरचा प्रकल्प तडीस नेलेला माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच झाला, आणि तो माझा पहिला प्रोजेक्ट मॅनेजर होता, असं मी आजही छातीठोकपणे सांगते. पुढे पुण्यात काचेच्या इमारतींमधून मी पुष्कळ मॅनेजर पाहिले. कोणी परदेशातून शिकून आलेले, कोणी भिंतभर रंगीत चिठ्ठ्या लावून त्यांच्यासमोर ध्यान लावून उभे राहणारे. मी स्वतःही आता त्याच पंथातली आहे. पण कामाची आखणी म्हणजे काय, हे मला कळलं ते मोखाड्यात, बाजारामागच्या एका पत्र्याच्या खोलीत, जव्हारहून एसटीने येणाऱ्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाकडून. सगळा तालुका त्यांना गुरुजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. ते मला बाई म्हणत. मी तेव्हा तेवीस वर्षांची, नाशिकहून पहिल्याच नोकरीवर आलेली, आणि मला बाई म्हणणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. त्यांच्या लेखी मात्र शिकलेली बाई म्हणजे बाई, तिथे वयाचा प्रश्नच नव्हता.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. मुंबईच्या एका संस्थेने पाड्यांवरच्या लहान मुलांची वजनं संगणकात ठेवायची ठरवली होती. अंगणवाडीच्या ताईने महिन्याच्या महिन्याला वजन करायचं, ते आमच्याकडे यायचं, आणि कुठलं मूल कुपोषणाच्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत घसरतंय हे वेळेवर कळायचं, असा तो बेत. प्रोग्राम लिहायला मी, आणि मॅनेजर म्हणून गुरुजी. त्यांची निवड का झाली याबद्दल त्यांचा स्वतःचाच काही गैरसमज नव्हता. प्रत्येक पाड्याची वाट पायाखालची असलेला आणि शिवाय हे काम घ्यायला तयार असलेला दुसरा माणूस मिळाला नव्हता. आमच्या एकुलत्या एका संगणकावर त्यांनी घरून आणलेलं, त्यांच्या पत्नीने भरतकाम केलेलं कापड घातलं होतं. ते त्याला कधी हात लावत नसत, पण त्याच्याकडे पाठ करूनही कधी बसत नसत. वीज असे तेव्हा मी काम करी आणि नसे तेव्हा गुरुजी, आणि मोखाड्याची वीज पाहता प्रकल्प मुख्यतः त्यांनीच केला म्हणायला हरकत नाही.

सुरुवातीला मुंबईच्या साहेबांनी आम्हाला एक झेरॉक्स केलेलं टिपण पाठवलं होतं. सॉफ्टवेअरमध्ये जे जे हवं ते एकेका कार्डावर तीन ओळींत, गोष्टीसारखं लिहायचं: कोणाला पाहिजे, काय पाहिजे, कशासाठी पाहिजे. मी ते वाचून बाजूला ठेवलं. गुरुजींनी ते चष्मा पुसून तीनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरा धर्म उरला नाही. टिपण लिहिणाऱ्यानेही ते इतकं मनावर घेतलं नसेल. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कात्रीने कापून त्यांनी कार्डं केली, त्यामुळे आमच्या प्रत्येक गोष्टीच्या पाठीवर कोणा ना कोणाचा शुभविवाह असे. अक्षर वळणदार, शाई निळी. भाताच्या खळीने ती कार्डं भिंतीवर चिकटवायची आणि मग मी त्याप्रमाणे प्रोग्राम लिहायचा.

यात अडचण एकच होती. ज्याची गोष्ट त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय गुरुजी कार्ड लिहीत नसत. साहेबांनी फोनवर सांगितलं की महिन्याचा तक्ता हवा, तर गुरुजी शांतपणे विचारत, "कोणाला पाहिजे?" साहेब म्हणत, वरच्या ऑफिसला. गुरुजी म्हणत, ऑफिसला तोंड नसतं, माणसाचं नाव सांगा. नाव मिळेपर्यंत कार्ड नाही. मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं की ज्या गोष्टीत माणूस नाही ती गोष्ट नव्हे, तो जीआर. मग नाव विचारायला ते पायपीट करत. अंगणवाडीच्या ताईला काय हवं हे मोखाड्यात बसून मला चांगलं ठाऊक होतं असं माझं मत होतं. गुरुजी तीन तास चालून तिला विचारून येत आणि तिला भलतंच काहीतरी हवं असे. एका ताईला फक्त एवढंच हवं होतं की छापील यादीत नावांमधलं अंतर जास्त असावं, कारण तिचा चष्मा फुटला होता आणि नवा व्हायचा होता. तिचंही कार्ड झालं. कोणाला, काय, कशासाठी, तिन्ही ओळी बिनचूक. मी नाक मुरडून ते काम केलं, आणि पुढे बाकीच्या सगळ्या ताईंनी तीच मोठ्या अंतराची यादी मागून घेतली.

एकदा उंदरांनी आमच्या तीन गोष्टी खाल्ल्या. खळ भाताची, तेव्हा उंदरांना तरी काय दोष द्यायचा. मला तिन्ही गोष्टी तोंडपाठ होत्या, मी म्हटलं सांगते, लिहून घ्या. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू परीक्षेत कॉपी करायला सुचवलं होतं. दुसऱ्याच दिवशी ते पिशवीत भाकरी बांधून पुन्हा तिन्ही ठिकाणी निघाले. दोन दिवसांनी परत आले तेव्हा पायाला फोड आले होते आणि चेहरा प्रसन्न होता. तिघींपैकी एकीने मधल्या काळात आपला विचार बदलला होता. तिला आता आधीची गोष्ट नको होती, दुसरीच हवी होती. "बघा बाई," ते म्हणाले, "उंदरांनी आपलं काम वाचवलं." मी मात्र तिच्या आधीच्या गोष्टीचा अर्धा प्रोग्राम लिहून ठेवला होता.

कामाला किती वेळ लागेल हे सांगायची त्यांची रीत तर मुंबईपर्यंत गाजली. दिवस आणि तास यांवर त्यांचा विश्वास नव्हता. दिवस सगळे सारखे नसतात, आषाढातला दिवस आणि माघातला दिवस एका मापाचा कसा, असं ते विचारत. ते वाटेने मोजत. छोटं काम म्हणजे शिरपामाळ. जव्हारातल्या त्यांच्या घरून संध्याकाळी पाय मोकळे करायला निघावं, वारा खावा, दिवेलागणीला घरी यावं, एवढं. मधलं काम म्हणजे मोखाडा. पोचणार हे नक्की, पण एसटी चुकली तर जीप भरेपर्यंत निघणार नाही आणि ती कधी भरेल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं. आणि मोठं काम म्हणजे वावर, पार आडरानातलं गाव. तिथे एसटीच्या भरवशावर निघायचं नाही, भाकरी बरोबर घ्यायची, आणि त्याच दिवशी परत येऊ असं घरी सांगून जायचं नाही. साहेबांनी एकदा मोठा छापील तक्ता पाठवला आणि उरलेल्या कामाला किती मनुष्यदिवस लागतील ते भरून मागितलं. गुरुजींनी त्या चौकटीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: दोन मोखाडे आणि एक वावर. साहेबांचा फोन आला. तो बराच वेळ चालला. फोन ठेवून गुरुजी मला एवढंच म्हणाले की साहेब वावरला कधी गेलेले दिसत नाहीत.

मला ते माप गमतीचं वाटे, पण लवकरच लक्षात आलं की ते कधी चुकत नाही. शिरपामाळ म्हटलेलं काम त्याच दिवशी संपे, मोखाडा म्हटलेल्या कामात कुठे ना कुठे वाट बघत बसावं लागे. आणि वावर हे नाव उच्चारताना त्यांचा आवाज खाली येई. ब्याण्णव-त्र्याण्णवला तिथे कितीतरी मुलं भुकेने गेली, त्या वर्षानंतर जव्हार-मोखाड्यात ते नाव कोणीच सहज घेत नाही. गुरुजी त्या सुमारास त्याच भागातल्या एका शाळेवर होते, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्याहून जास्त ते कधी बोलले नव्हते आणि मी विचारलं नव्हतं.

दर सोमवारी सकाळी कार्डांची हजेरी असे. आम्ही दोघं भिंतीसमोर उभे राहत असू, कारण बसून सांगितलेल्या कामात थोडं खोटं मिसळतं असा गुरुजींचा अनुभव होता. ते एकेक कार्ड मोठ्याने वाचत आणि मी कुठवर आलं ते सांगे. ज्या कार्डाबद्दल लागोपाठ तीन सोमवार कोणाला काहीच सांगता आलं नाही, ते भिंतीवरून उतरून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जाई. शाळेत फार दिवस न आलेल्या मुलाचं नाव पटावरून कमी करतात, तीच ही सवय. मला तो नियम फार आवडला. भिंत स्वच्छ राही. इतका आवडला की मी तो न विचारता एका ठिकाणी वापरला, आणि तिथेच घोटाळा झाला. पण ते पुढे.

दिवाळीच्या आधी त्यांनी मला एका पाड्यावर नेलं. मी तक्रार करत चालले, ते पुढे छत्रीची काठी करून. तिथे सोमी नावाची एक बाई होती, तिची रंजना नावाची दोन वर्षांची मुलगी होती. रंजना चौथ्या श्रेणीतून नुकतीच तिसरीत आली होती. अंगणवाडीच्या काट्याच्या झोळीत ती न रडता बसत असे, यावर ताई खूश होती. गुरुजींनी ओट्यावर बसून कार्ड काढलं आणि विचारलं, तुला काय पाहिजे? त्या भागात लहानथोर सगळ्यांना तू म्हणतात, त्यात अनादर नसतो. सोमीने पोरीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "गुरजी, आमी दिवाळी झाली का भट्टीवर जगाया जातो. पोर संगं नेतो. इकडं वहीतसून तिचा नाव कापतात. आमी परत येतोच ना? तू नाव कापू नको."

गुरुजींनी ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, जगाया गेली हे सुद्धा. वीटभट्टीवर किंवा वाळूवर कामाला जाण्याला तिकडे जगायला जाणं म्हणतात.  परतीच्या वाटेवर एका पऱ्ह्याच्या पाण्यात पाय धुता धुता त्यांनी सांगितलं की ब्याण्णवच्या त्या वर्षी पाड्यापाड्यातल्या लहान मुलांची यादी करायचं काम मास्तरांकडे आलं होतं. जी कुटुंबं घराला कडी लावून कामाला गेली होती त्यांच्या मुलांची नावं त्यांनी तांबड्या शाईने खोडली, कारण जी गावात नाहीत ती यादीत नकोत, असं त्यांना वाटलं. यादी नीटनेटकी झाली. "त्यांतली कोण परत आली आणि कोण नाही, हे मला आज सांगता येत नाही, बाई," ते म्हणाले. "कारण नावंच मी खोडली होती." एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या आणि चालू लागले.

सोमीच्या कार्डाचं माप त्यांनी एक वावर सांगितलं. मूल कुठे गेलं, कोणाबरोबर गेलं, कधी येणार, तिकडे जवळ कुठली अंगणवाडी, हे सगळं ठेवायचं म्हणजे काम मोठं होतं. मुंबईहून उत्तर आलं की हे पुढच्या टप्प्यात पाहू. पुढचा टप्पा कधी, हे कोणी सांगितलं नाही. तीन सोमवार मी त्या कार्डाबद्दल काहीच सांगू शकले नाही. नियमाप्रमाणे ते डब्यात जायला हवं होतं. गुरुजींनी ते भिंतीवरून काढलं, पण डब्यात न टाकता शर्टाच्या खिशात ठेवलं. स्वतःचा नियम मोडताना मी त्यांना तेवढ्या एकाच वेळी पाहिलं.

होळीच्या सुमारास प्रोग्राम दाखवायचा दिवस आला. मुंबईचे साहेब आले, त्यांच्याबरोबर संस्थेला मदत देणारे पाहुणे आले. आश्चर्य म्हणजे वीजही आली. मी कापड बाजूला करून पडद्यावर आलेख काढला. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या मुलांची रेघ दिवाळीनंतर सुंदर खाली उतरत होती. पाहुणे एकमेकांकडे पाहून माना डोलवू लागले, साहेबांची कळी खुलली. मलाही, खोटं कशाला बोलू, आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटत होतं. गुरुजी तेवढे पुढे वाकून रेघेकडे बघत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, "बाई, यात रंजना कुठं आहे?"

मी नाव शोधलं. नाव नव्हतं. मी सरळपणे समजावून सांगितलं की तीन महिने ज्या मुलाचं वजन येत नाही ते यादीतून आपोआप बाजूला होतं, आपल्या सोमवारच्या हजेरीसारखं. सांगता सांगताच माझ्या ध्यानात आलं. भट्टीवर गेलेली सगळी मुलं, म्हणजे नेमकी सगळ्यांत अशक्त घरांतली, मी यादीतून काढून टाकली होती आणि त्यामुळे ती रेघ खाली आली होती. तसं करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. त्याचं कार्ड नव्हतं. कोणाला पाहिजे, हा प्रश्न मी त्या एका जागी विचारला नव्हता. गुरुजी उभे राहिले आणि पाहुण्यांना म्हणाले की चूक बाईंची नाही, हा नियम माझा आहे, मी दुसऱ्यांदा केला. दुसऱ्यांदा म्हणजे काय ते खोलीत फक्त मला कळलं. मग त्यांनी खिशातलं कार्ड काढलं, थोडी खळ घेतली आणि ते भिंतीच्या मधोमध लावलं.

काम पूर्ण झाल्याच्या कागदावर त्याच दिवशी मॅनेजरची सही हवी होती. साहेबांनी त्यांना बाहेर नेऊन समजावलं, मी दारातून ऐकत होते. सही झाली नाही तर पुढचं सगळंच अडकेल, आणि मग गुरुजींनाही ठेवता येणार नाही, असं साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, त्यांच्याही वर कोणीतरी होतं. गुरुजी त्यांच्याशी भांडले नाहीत. रंजना दिसू दे, मग सही करतो, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. आठवड्याने पत्र आलं की महिनाअखेरीस गुरुजींची मुदत संपते.

तो महिना मी जशी राबले तशी पुढे कधी राबले नाही. वीज नसे तेव्हा वहीत लिहून ठेवी आणि वीज आली की उतरवी. गुरुजी रोज वेळेवर येत, काही विचारत नसत, सोमवारी हजेरी घेत. भिंतीवर एकच कार्ड उरलं होतं, तरी उभं राहूनच. महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी त्यांना बोलावलं. यादीत रंजनाचं नाव होतं आणि समोर लिहिलं होतं: जगाया गेली. त्याखाली भट्टीचं गाव, आणि ती पावसाआधी परत येईल तेव्हा पहिलं वजन तिचं करावं अशी सूचना. गुरुजींचं बोट पडद्यापर्यंत गेलं आणि वीतभर अलीकडे थांबलं. त्यांनी नाव मनाशी वाचलं, खिशातलं पेन काढलं आणि कागदावर सही केली. ती सही साहेबांनी घेतली. पत्र काही मागे घेतलं नाही, आणि गुरुजींनी ते मागे घ्या असं म्हटलंही नाही.

त्यानंतर प्रकल्पात ते कोणीच नव्हते, तरी बाजाराच्या दिवशी येऊन बाकावर बसत. पाऊस तोंडावर आला तेव्हा सोमीचं कुटुंब परतलं. यादीत नाव सर्वांत वर होतं म्हणून ताई त्याच दिवशी काटा घेऊन तिच्या घरी गेली. रंजना पुन्हा चौथ्या श्रेणीत गेली होती, अंगात तापही होता. तिला जव्हारच्या दवाखान्यात पोचवलं, आणि अठरा दिवसांनी ती घरी आली. गुरुजी रोज संध्याकाळी शिरपामाळला जायचं सोडून दवाखान्यात जाऊन बसत. मला हे सोमीनेच सांगितलं. गुरुजींना विचारलं तर म्हणाले की तिकडचा रस्ता सपाट आहे, गुडघ्यांना बरा.

त्या दिवाळीनंतर मी पुण्याला आले. तो प्रोग्राम पुढे बंद पडला, असे प्रोग्राम बंद पडतातच. पण आज माझ्या हाताखालची मुलं भिंतीवर चिठ्ठ्या लावतात तेव्हा मी एकेकीवर बोट ठेवून विचारते, कोणाला पाहिजे? ती म्हणतात, युजरला. मी म्हणते, त्याचं नाव सांगा. माझ्यामागे ती माझी नक्कल करतात हे मला ठाऊक आहे. करू देत.

गुरुजींशी फोनवर वर्षातून दोनदा बोलणं होई, दिवाळीला आणि शाळा उघडतात त्या दिवशी. एका जूनमध्ये त्यांच्या मुलाने फोन उचलला आणि सांगितलं की ते गेले, पंधरा दिवस झाले, झोपेतच गेले. मी काहीतरी बोलून फोन ठेवला आणि मग ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. माझी जुनी सवय आहे, दर वर्षी नव्या डायरीत हाताने पत्ते आणि नंबर उतरवून काढायचे. मागच्या वर्षी मुलगी शेजारी बसली होती. जव्हारचा तो जुना घरचा नंबर मी लिहिताना पाहून ती म्हणाली, आई, तो तर केव्हाच बंद झालाय, आता कोणाला पाहिजे?

मी म्हटलं, मला.

कशासाठी, असं तिने विचारलं, तेव्हा मला काही सांगता आलं नाही. गुरुजी असते तर तिसरी ओळ भरल्याशिवाय त्यांनी ते कार्ड भिंतीला लावू दिलं नसतं. मी नंबर पुरता लिहिला आणि पान उलटलं.